साडेसातीच्या गाद्या

कापसाचा हंगाम आला की अमरावतीहून कुठल्याही दिशेला निघा, रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या झालेल्या दिसतात. भरलेल्या गाड्या जाता जाता काट्यांना कापूस अडकतो आणि तिथंच लोंबत राहतो. कुणी काढत नाही. पूर्वी मी म्हणायची, किती सुंदर दिसतं! आता म्हणवत नाही. डोळ्यांना काही झालेलं नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशनही चांगलं झालंय. पण इतके हंगाम पाहून झाले की कापूस दिसल्यावर आधी थकवा येतो, सौंदर्य मागून, तेही जमलं तर.

यंदा या दिवसांत भातकुलीच्या एका शाळेनं मला व्याख्यानाला बोलावलं. जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईला दुसरं कोण बोलावणार? विषय मीच दिला होता : मरणाऱ्या ताऱ्यांभोवतीच्या तेजोमेघांच्या आकारावर ग्रहांचा प्रभाव. मुख्याध्यापकांनी फोनवर तो नीट लिहून घेतला. फळा मात्र लहान निघाला असावा. फाटकाशी उतरले तर खडूनं ठळक लिहिलेलं : ‘ग्रहांचा प्रभाव. प्राध्यापिका नलिनीताईंचे मार्गदर्शन. सर्वांनी लाभ घ्यावा.’

लाभ घ्यायला गाव लोटलं होतं. पुढच्या सतरंज्यांवर मुलं हवी होती, तिथं बायका बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पत्रिका. एक आजी तर मी खुर्चीवर टेकायच्या आधीच जवळ आली.

‘‘बाई, सुनेची पत्रिका आनली. लेकाची हारपली. एकीवर भागन का?’’

‘‘आजी, मी आकाशातल्या ताऱ्यांवर बोलणार आहे.’’

‘‘मंग बराबरच हाये ना. ताऱ्याइचंच तं पाहाचं हाये.’’

मुख्याध्यापक घामाघूम झाले. मला हसू आलं आणि हसता हसता एकदम थकून गेल्यासारखं झालं. आता या सगळ्यांना परत पाठवणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. म्हटलं, बसा, चित्रं पाहा. पडद्यावर चित्रं लावली आणि बोलू लागले.

आपल्या सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो, लाल होतो आणि स्वतःचीच वरची आवरणं हळूहळू बाहेर सोडायला लागतो. स्फोट वगैरे काही नाही. नुसता सुटत जातो. आत उरतो तो लहानसा तापलेला गाभा. त्या गाभ्याच्या उजेडात बाहेर गेलेला वायू चमकतो, आणि लांबून आपल्याला तो रंगीत ढग दिसतो. जुन्या काळच्या लहान दुर्बिणींतून हे ढग ग्रहांसारखे वाटोळे दिसले, म्हणून त्यांना नाव पडलं ग्रहीय तेजोमेघ. ग्रहांशी त्यांचा काही संबंध नाही, नाव चुकीचं आहे, असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले. परीक्षेत तो हमखास प्रश्न असायचा.

पण एक कोडं कुणाला सुटत नव्हतं. तारा वाटोळा, सगळीकडं सारखाच सुटणारा. मग त्याचा ढगही वाटोळाच व्हायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक ढग तसे नाहीतच. कुठं फुलपाखराचे पंख, कुठं डमरू, कुठं गोगलगायीच्या पाठीसारखी वळणं. आता शास्त्रज्ञ असं मानू लागले आहेत की हे त्या ताऱ्याच्या एकट्याचं काम नाही. त्याच्याभोवती कुणीतरी फिरत असतं, जोडीचा दुसरा तारा किंवा नुसता एखादा मोठा ग्रहसुद्धा. ताऱ्याच्या मानानं ग्रह म्हणजे किस झाड की पत्ती. पण तो त्या सुटत्या वायूतून फिरत राहतो, आणि त्याच्या फिरण्यानं वायूला वळण पडतं. आपला सूर्य जाईल तेव्हा गुरू, आणि कदाचित शनीही, त्याच्या ढगाला थोडंफार वळण देतील असा अंदाज आहे.

‘‘म्हंजे,’’ आजी मधेच मोठ्यानं म्हणाली, ‘‘सूर्यनारायनालेबी शनी सोडत नाई.’’

सगळे हसले. मला मात्र बाबा आठवले, हे वाक्य अगदी त्यांचं होतं.

बाबा तेल्हाऱ्यात ज्योतिष पाहायचे. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे. आमच्या घरात दोन शनी होते. कडी असलेला माझा आणि साडेसातीवाला त्यांचा. मी सुटीला घरी गेले की जेवणाच्या पाटावर दोघांची जुंपायची. मी म्हणायची, एवढ्या लांबचा गोळा माणसाचं काय वाकडं करणार? ते म्हणायचे, ‘‘पोरी, अमरावती तेल्हाऱ्याहून लांब हाये, तरी तू माहं डोकं खातेच ना.’’ आई असेतोवर ती आमटी वाढून भांडण मिटवायची. ती गेल्यावर आम्ही भांडण अर्ध्यावर सोडून उठायला शिकलो.

बऱ्याच वर्षांपूर्वी, अशाच एका कापसाच्या हंगामात बाबांचं हृदय थकलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता घरी न्या, आराम करू द्या, आवाज-गडबड नको. मी रजा टाकून तेल्हाऱ्याला आले आणि त्यांची खाट ओसरीवर मांडली. माझ्या मनात त्यांच्या जाण्याचं एक चित्र तयार होतं. धुतलेली चादर, उदबत्तीचा वास, शांतता. त्यांनी मला बोलावून दोन शब्द सांगावेत आणि हलकेच डोळे मिटावेत. वाटोळं, कुठंही न बिघडलेलं मरण. मला वाटतं सगळ्याच मुलींच्या मनात आपल्या वडिलांसाठी असलं काहीतरी असतं.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. पेपर उघडायला नको वाटे. ज्याच्या घरी कुणी फास घेतला तिथं पुढाऱ्यांच्या गाड्या यायच्या, फोटो निघायचे, आणि गाड्या गेल्या की ते घर एकदम लहान दिसायचं. एक शेतकरी कोलमडला की त्याच्याबरोबर कोण कोण हलतं ते मात्र पेपरात येत नसे. लग्नं लांबली. लग्नं लांबली म्हणून गाद्या लांबल्या. गाद्या लांबल्या म्हणून आमच्या गल्लीच्या टोकाचे युनूसभाई बसून राहिले.

युनूसभाई पिंजारी. त्यांच्या बापानं आणि आज्यानंही गावाचा कापूस पिंजला होता. धनुष्यासारखं मोठं पिंजण, त्याला ताणून बांधलेली तांत, म्हणजे आतड्याची चिवट दोरी, तांतीवर लाकडाचा ठोका पडला की टुंग्‌ टुंग्‌ आवाज करत कापूस उडायला लागतो. माझ्या लहानपणी त्या आवाजानंच कळायचं की कुणाच्या तरी घरी लग्न निघालंय. दुकानांत स्पंजाच्या गाद्या येऊन पडल्या होत्या, आणि उरलेली कसर त्या वर्षांनी भरून काढली.

बाबांकडं लोक येतच होते. येणाऱ्यांचे प्रश्न मात्र बदलले होते. पूर्वी पुरुष यायचे आणि विचारायचे, सोयरीक जुळन का, नोकरी लागन का. आता बायका यायच्या, एकेकट्या. नवऱ्याची पत्रिका पुढं ठेवून खालच्या आवाजात एवढंच विचारायच्या, ‘‘घरचे बरे राहतीन ना, गुरुजी?’’ बाबा पत्रिकेकडं पाहत राहायचे. मी तेव्हा आतून चहा घेऊन यायची, कारण दुसरं काय करावं ते मला कळत नसे.

एका दुपारी युनूसभाईंची बायको आली. शमीमभाभी. तिच्याकडं पत्रिका नव्हती, ओढणीखाली एक गुंडाळी होती. ती तिनं बाबांच्या खाटेवर ठेवली. पिंजणाची तांत होती.

‘‘हे तुमच्यापाशी ठिवा, गुरुजी. घरात नोको.’’

‘‘काहून वं? तो काम कायच्यावर करन?’’

‘‘काम कुठी हाये? दिवसभर नुसते तिच्याकडं पाहून राह्यले. बोलत नाईत, जेवत नाईत.’’ मग घरच्या भाषेत म्हणाली, ‘‘मेरेकू डर लगता, गुरुजी.’’

त्या वर्षांत याहून जास्त कुणाला सांगावं लागत नव्हतं. बाबांनी तांत उचलून उशाच्या खुंटीला लावली आणि तिला म्हणाले, ‘‘त्याले पाठव. म्हन, गुरुजीनं बलावलं.’’

युनूसभाई आले. दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. बाबांनी जन्मवेळ विचारली.

‘‘अम्मी सांगे, पोयाच्या दुसऱ्या दिशी, करीले झालो. साल मालूम नाई. पन गुरुजी, आमच्यात हे नाई मानत.’’

‘‘तू नोको मानू. शनी कोनाले इचारून येते का?’’ बाबांनी बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मी पाहत होते, ते काहीच मोजत नव्हते. ‘‘करीचा जलम. साडेसाती हाये तुले, अन् लय जबर हाये. उपाय केल्याबिगर जाची नाई.’’

‘‘कोनता उपाय?’’

‘‘माह्या घरच्या गाद्या पिंज. अठी, अंगनात, माह्या डोयासमोर. रोज दुपारी येजो. तांत अठीच राहीन. कापूस सरेपर्यंत हे चालू राह्यलं पाह्यजे. एक दिस चुकला तं पुन्हा पह्यल्यापासून.’’

मी दारात उभी राहून हे ऐकत होते आणि माझा संताप संताप झाला. डॉक्टर म्हणतात शांतता हवी, आणि यांनी ठणठण ठोके वाजवणारा माणूस घरात आणून बसवला! तोही शनीच्या नावानं, ज्या माणसाचा त्यावर विश्वाससुद्धा नाही त्याला धाक घालून. युनूसभाई गेल्यावर मी बोलले, फार बोलले.

‘‘बाबा, शनीचा आणि गादीचा काय संबंध?’’

‘‘तेलाचा अन् शनीचा काय होता?’’ ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवसापासून ठोके सुरू झाले. सुरुवातीला युनूसभाई काही बोलत नसत. यायचे, खुंटीवरची तांत काढायचे, पिंजणाला बांधायचे, पिंजायचे, सोडवून पुन्हा खुंटीला लावायचे आणि जायचे. वर्षानुवर्षं अंगाखाली दडपून दगड झालेला कापूस ठोक्यांनी सुटायचा, उडायचा, हलका व्हायचा. उन्हात तो ढग तरंगायचा आणि तांत जिकडं हले तिकडं वळायचा. बाबा तिकडं पाहत पडून राहायचे. तंतू त्यांच्या पांघरुणावर, भुवयांवर येऊन बसायचे. मी ओल्या फडक्यानं पुसायची आणि पुटपुटायची. ठोके थांबले की बाबा झोपेतून डोळे उघडायचे.

‘‘काहून थांबला बे?’’

‘‘पानी पेऊन राह्यलो, गुरुजी.’’

‘‘पी.’’ आणि पुन्हा झोपायचे.

घरच्या गाद्या किती असणार? त्या संपत आल्यावर मला वाटलं, सुटलो. पण बाबांनी त्याचीही सोय करून ठेवली होती. पत्रिका घेऊन जो येईल त्याला ते एकच उपाय सांगायला लागले. मंगळ असो, राहू असो, मुलीचं जमत नसो की म्हशीला दूध नसो, उपाय ठरलेला. नारळ नाही, तेल नाही, अभिषेक नाही. ‘‘घरातली जुनी गादी पिंजून घे. साडेसाती जुन्या कापसात जाऊन बसते.’’ हे कुठल्या ग्रंथात लिहिलंय असं मी विचारलं तर म्हणाले, ‘‘तुह्या पुस्तकात नसन.’’

आणि तेल्हाऱ्यानं ते मानलं! डोक्यावर गाद्या घेऊन बाया आमच्या गल्लीत यायला लागल्या. अंगणात थप्प्या लागल्या. कुणाची आधी, कुणाची नंतर यावरून भांडणं व्हायची, ती बाबा खाटेवरून मिटवायचे. सावकाराच्या घरची मखमली गादीही आली, तिच्यातून ढेकणांचं लष्कर निघालं आणि सगळं अंगण पळालं. त्या दिवशी युनूसभाई हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते त्या हंगामात पहिल्यांदाच. शमीमभाभी फाटकाशी उभी होती, तिनं ओढणी तोंडाला लावली आणि ती झपझप निघून गेली.

बाबा मात्र उतरत होते. अंग हलकं होत चाललं होतं, आवाज आत गेला होता. मला त्यांच्याजवळ नुसतं बसायचं होतं, एकटीनं. तेवढंही मिळत नव्हतं. सारखं कुणीतरी अंगणात, सारखा कापूस, सारखं ते टुंग्‌ टुंग्‌. मला युनूसभाईंचा रागसुद्धा आला. हे माझं मरण आहे, म्हणजे माझ्या बापाचं, आणि याचा सगळा आकार या माणसानं बिघडवून टाकला, असं मला मनापासून वाटायचं.

आता पडद्यावर ते डमरू, ती फुलपाखरं दाखवते तेव्हा लक्षात येतं की ‘बिघडवून’ हा शब्द शास्त्रज्ञही आधी वापरत असतील. वाटोळं असायला हवं होतं, काय बिघडलं? बिघडलं काही नव्हतं. तारा ज्या कारणानं मरायचा त्याच कारणानं मरतो, ग्रह त्याला मारत नाही आणि वाचवतही नाही. पण तो कसा गेला म्हणून जे दिसतं ते त्या फिरणाऱ्याचं असतं. तारा हलका होत जातो तशी त्याची ओढ कमी होते. फार जवळचे ग्रह त्यातच गिळले जातात. बाकीचे हळूहळू लांब सरकतात, पण फिरत राहतात. हे मला अर्थातच त्या वेळी ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी त्या ढेकणांच्या अंगणात सुचलं नसतं.

बाबा एका सकाळी गेले, चहा टाकायला मी आत गेले तेवढ्यात. दोन शब्द वगैरे काही सांगितलं नाही. त्या दुपारी युनूसभाई नेहमीच्या वेळेला आले, अंगणातली गर्दी पाहून भिंतीशी उभे राहिले आणि मग तिरडीच्या मागोमाग चालत गेले.

त्यानंतर लोक येऊ लागले ते भेटायला, आणि जाता जाता आपापली गादी उचलून न्यायला. सगळे जरा ओशाळून हसत होते. गुरुजीच नाहीत तर उपाय कोणाच्या जिवावर करायचा? थप्प्या कमी होत होत अंगण मोकळं झालं. शेतात अजून कापूस होता, वेचणी सरायला वेळ होता. मी ते पाहत होते आणि मला आतून भीती वाटायला लागली होती, तीच, जी शमीमभाभी ओढणीखाली घेऊन आली होती.

सुतकातल्याच एका दुपारी युनूसभाई आले. ओसरीच्या पायरीवर टेकले. भाभी मागून आली होती, पण फाटकाच्या आत आली नाही, फाटकाची फळी धरून उभी राहिली. युनूसभाईंनी मोकळ्या अंगणावरून नजर फिरवली.

‘‘ताई, गुरुजी गेले. आता तांत घेऊन जाऊ का घरी?’’

भाभी माझ्याकडं पाहत होती. मी, वर्गात राशिभविष्य वाचणाऱ्या पोरींना बाहेर उभं करणारी बाई, उठले आणि बाबांचं पंचांग घेऊन आले.

‘‘थांबा. पाहून सांगते.’’

पान उघडलं. तिथी, नक्षत्रं, बारीक आकडे. शनीचं वजन मला पाठ होतं, त्याची कडी कशाची बनलीत ते ठाऊक होतं, पण या माणसाच्या आयुष्यात तो कुठं आहे हे त्या पानावरून मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी बोट फिरवलं.

‘‘हाये अजून,’’ मी म्हटलं. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडात तेल्हाऱ्याची बोली आली. ‘‘शनी गेला नाई तुमचा. तांत अठीच राहू द्या.’’

‘‘किती दिवसाचा हाये?’’

‘‘लांबचा हाये.’’

त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं. ‘‘तुमाले पाहता येते, ताई?’’

‘‘येते.’’

तो शनी अजून संपलेला नाही. दर हंगामात तेल्हाऱ्याहून फोन येतो, पलीकडं आता नातवंडांचा गलका असतो. ‘‘ताई, पाहून सांगा, गेला का?’’ असं युनूसभाई विचारतात, आणि मी पंचांग न उघडताच नाही म्हणून सांगते. त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

त्या दुपारी मात्र आम्हा दोघांनाही हसू आलं नाही. युनूसभाई उठले, खुंटीवरची तांत काढली, पिंजणाला बांधली आणि ताणून पाहिली.

‘‘मंग आज कोनाची?’’

अंगणात एकही गादी उरली नव्हती. कोपऱ्यात फक्त बाबांची होती, ज्या गादीवर ते गेले ती, रीतीप्रमाणं टाकून द्यायला बाहेर काढून ठेवलेली. मी ती ओढत अंगणाच्या मधोमध आणली आणि कात्री घेऊन उसवायला बसले.